तुम्ही विचारलंत म्हणून: पानावरचे सगळे ठिपके मी का पुसत नाही

जुने टाइप केलेले कागद मी स्कॅन करून देतो, हे कळलं की लोक आधी पैसे विचारतात आणि काम हातात पडलं की ठिपक्यांचं विचारतात. "अहो, ठिपके घालवायचं बटण असतं ना? मग पान पांढरंशुभ्र का नाही दिलंत?" वाटणीपत्राची नक्कल असो, वाचनालयाच्या सभांची इतिवृत्तं असोत, आजोबांनी कुणाकडून तरी टाइप करून घेतलेली आख्यानं असोत, प्रश्न ठरलेला. दर वेळी फोनवर अर्धंच उत्तर दिलं जातं, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

बटण आहे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतं, स्कॅनटेलरमध्ये तर सौम्य, मध्यम, कडक अशा पायऱ्याही आहेत. ते काय करतं, तर शेजारच्या कुठल्याही आकाराला न चिकटलेला आणि ठरावीक मापापेक्षा लहान असा काळा पुंजका दिसला की त्याला कचरा समजून उडवतं. इंग्रजी पानावर यात आय (i) आणि जे (j) या अक्षरांवरची टिंबं जातील, पूर्णविराम जातील, वाचणारा फारसा अडणार नाही. मराठीत मात्र सुटा, गोल, बारीक ठिपका म्हणजे अनुस्वार. वाटणीपत्रात 'त्यांचा हिस्सा'च्या जागी 'त्याचा हिस्सा' दिसू लागला, तर पान स्वच्छ झालं म्हणून कोण खूश होणार?

जरा मापात बघा. अर्धा मिलिमीटर रुंदीचा अनुस्वार ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल) जेमतेम सहा पिक्सेल रुंद येतो, म्हणजे सगळा मिळून तीसेक पिक्सेलांचा. बुरशीचा बारका डागही तेवढाच. यंत्राने दोघांत फरक करायचा कशावरून? ६०० डीपीआयला तोच अनुस्वार बारा पिक्सेल रुंद होतो, क्षेत्रफळ शंभराच्या वर जातं, आणि मग कडा दिसायला लागते. म्हणून फाइल जड झाली तरी मी ६००लाच स्कॅन करतो, आणि रंगीत करतो. थेट काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलं की शाई कुठली आणि डाग कुठला हा निर्णय स्कॅनरने आपल्याला न विचारता घेऊन टाकलेला असतो. रंगीत स्कॅन लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांचा असतो, त्यातला नुसता लाल थर (चॅनल) उघडून बघा: कागदावरचे तपकिरी डाग त्यात फिकट पडतात, काळी-निळी शाई मात्र गडदच राहते. कुठलाही फिल्टर न लावता निम्मी सफाई इथेच होते.

खरी पंचाईत १९६२च्या आधीच्या कागदांची. त्या वर्षी शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम स्वीकारले आणि उच्चारात नसलेले, निव्वळ व्युत्पत्तीसाठी दिले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या टंकलिखितात नांव, गांव, पांच, मीं, तूं, केलें, झालें असा टिंबांचा सडा असतो. (नियम बदलल्यावरही जुन्या वळणाच्या कारकुनांचे हात ती टिंबं देतच राहिले, ते वेगळंच.) अशा पानावरून फिल्टर फिरवला की 'गांव'चं 'गाव' होतं, आणि आजच्या वाचकाला ते बरोबरच वाटतं. चूक दिसली तर दुरुस्त होईल, ही दिसतच नाही. आणि सगळीच टिंबं शोभेची नव्हती. 'काम केलें' आणि 'अर्ज केले' यांत लिंग-वचनाचा फरक त्या टिंबानेच दाखवलेला असायचा.

मग ओळखायचं कसं? आधी कागद उलटा करायचा. टाइपरायटरचा खिळा कागदावर आदळतो. टिंब, पूर्णविराम यांच्या खिळ्यांचं टोक बारीक, सगळा जोर तेवढ्याशा जागेवर येतो, त्यामुळे मागच्या बाजूला बोटाला पुळी लागते. टाइप करणाऱ्याचा हात जड असेल तर तिथे आरपार भोकच पडलेलं असतं. डागाला अशी पुळी नसते. टेबललॅम्प कडेने, अगदी आडवा धरला की डोळ्यांनाही दिसतं. भिंगाखाली कापडी रिबनच्या शाईत विणीची जाळी दिसते, ती डागात दिसणार नाही. शिवाय अनुस्वाराचा खिळा ठरलेल्या उंचीवर बसतो, त्यामुळे त्या मशीनवरची सगळी टिंबं शिरोरेषेपासून सारख्याच अंतरावर पडतात. त्या पट्ट्यातला ठिपका संशयाचा फायदा देऊन ठेवायचा. समासातला खुशाल काढा.

कार्बन कॉपीला यातली निम्मी युक्ती लागू पडत नाही. तिसऱ्या-चौथ्या प्रतीपर्यंत ठोक्याचा जोर पुरेसा पोचत नाही, अक्षराभोवती करडं धुकं असतं आणि बोटांचे डाग अक्षरांइतकेच काळे. तिथे मी फक्त समास साफ करतो.

आणखी एक गोष्ट मराठी मशीनचीच. कळा मोजक्या, अक्षरं जास्त, म्हणून ण, ध, भ, श यांसारखी अक्षरं दोन ठोक्यांत उमटत: आधी अर्धं अक्षर, मग काना. मधे फट राहते. रिबन वाळलेली असली की तो काना तुटक उमटतो, त्याचे दोन-तीन तुकडे होतात, आणि फिल्टर ते तुकडे धूळ म्हणून खातो. उरतो अर्धा ण. अक्षर वाचवण्यासाठी मी कडक पायरीला हातच लावत नाही.

हा माझा हट्ट वाटत असेल तर २०१३ सालचं जर्मनीतलं प्रकरण आठवा. डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं होतं की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांत स्कॅन केलेल्या कागदांवरचे आकडे बदलत होते, ६चा ८ होत होता. फाइल लहान करताना सारखे दिसणारे पुंजके यंत्र एकच समजत होतं. पान दिसायला अगदी नीटनेटकं.

बेधडक काढतो तेही सांगतो. स्कॅनरच्या काचेवरची धूळ, कारण ती प्रत्येक पानावर त्याच जागी येते; कागद आपोआप ओढणाऱ्या स्कॅनरची उभी रेघ; पंचची भोकं, टाचणीचा गंज, कसरीने खाल्लेल्या कडा. ओळींमधले ठिपके मात्र पडद्यावर मोठे करून हाताने. वेळ जातो, म्हणूनच तो पहिला प्रश्न पैशांचा असतो.

मजकूर यंत्राकडून वाचून घ्यायचा असेल तर टेसरॅक्टला (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) साफ केलेलं पान देऊ नका, करड्या छटांचं द्या. काळं-पांढरं ते स्वतः करतं, आणि आपण आधीच टिंबं उडवली असतील तर त्याला ती कुठून मिळणार?

छपाईला पांढरं पान हवंच असेल तर तेही देतो, पण दोन फाइली देतो: एक उजळलेली, एक स्कॅन झाली तशी रंगीत, दोन्हींचे पानक्रमांक जुळवलेले. उजळलेल्या पानावर एखादा शब्द खटकला की दुसरी फाइल उघडायची. जागा कमी पडते म्हणून कुणी एक काढून टाकणार असेल, तर पांढरी काढा.