वेणीची चटई: सातव्या फेरीला वाटी झाली

जुन्या टीशर्टच्या पट्ट्यांची तीन पेडी वेणी गोल गोल फिरवत दोऱ्याने टाचत चटई करत होते, पण सातव्या फेरीनंतर ती टेकेना. मधला भाग जमिनीला, कडा दोन बोटं वर. वाफेची इस्त्री मारली की तेवढ्यापुरती सपाट, गार झाली की पहिले पाढे पंचावन्न.

दोष हिशेबात होता. वेणी अडीच सेंमी रुंद, म्हणजे दर फेरीला परीघ २ × ३.१४ × २.५, जवळपास १५.७ सेंमी वाढायलाच हवा. फेरी तिसरी असो की तेरावी. कडेचा एकेक वळसाही साधारण अडीच सेंमीचा, म्हणून टाचताना बाहेरच्या वेणीतले सहा वळसे फेरीभर विखरून सोडायचे, म्हणजे त्यांतून दोरा न घालता पुढे जायचं. पहिल्या चार फेऱ्यांत सहाच सोडले, पण सगळे एकासमोर एक आले आणि गोलाला कोपरे फुटले. ते जावेत म्हणून पाचव्या फेरीपासून चारच सोडले. इथेच घोळ! संख्या नव्हे, जागा बदलायची असते. तीन फेऱ्यांत सहा वळसे कमी पडले, म्हणजे ११० सेंमी हवा तिथे परीघ ९५. इस्त्री बिचारी काय करणार?

त्यात भर लायक्राची, म्हणजे रबरासारख्या ताणणाऱ्या धाग्याची. पाचव्या फेरीपासून एक पेड लायक्रामिश्रित टीशर्टचा लागला होता. पट्ट्या ताणूनच वेणी घातली जाते; सुती पट्टी ताणलेली राहते, लायक्रावाली हळूहळू मागे येते आणि अख्खी फेरी आवळते. आता प्रत्येक टीशर्टची दहा सेंमी पट्टी पंधरापर्यंत खेचून सोडायची. झटकन दहावर आली की वेगळ्या ढिगात.

टाचायचंही मांडीवर नको, टेबलावरच. मांडीवर चटई गुडघ्याच्या आकाराने वळते आणि दोरा नकळत जास्त ओढला जातो. बोथट टोकाची जाड सुई घ्यावी. टोकदार सुई वळशांमधून जायच्या ऐवजी कापडात घुसते. फिरत्या पात्याच्या कटरचं कौतुक फार ऐकू येतं, पण टीशर्टच्या काखेखालच्या नळीतून ५ सेंमीची सलग पट्टी गोल गोल काढायला साधी लांब पात्याची कात्रीच बरी.

जमलेली गोष्ट: जोड. दोन्ही टोकांना दीड सेंमीची चीर, नवीन पट्टीची चीर जुनीवर ठेवायची, नवीनचं शेपूट खालून दोन्ही चिरांतून वर काढून ओढायचं. टाका नाही, आणि गाठ वेणीत कुठे गेली ते बोटालाही लागत नाही.

ठरलं होतं तीन फेऱ्या उसवून पुन्हा टाचायचं. पण उसवल्यावर उरलेला चार फेऱ्यांचा २० सेंमीचा गोल म्हणजे टोपलीचा आयता तळ! एकही वळसा न सोडता वेणी वरच्या वर चढवली की भिंत सरळ उभी राहते. पाच थरांना सव्वातीन मीटर वेणी, उसवलेली अडीचेक मीटर आहे, उरलेली पाऊणेक मीटर विणून जोडायची. शिवाय लायक्राची ओढ इथे कामाची: भिंत ताठ राहील.

चटई मग नव्यानेच, आणि लंबगोल. ६० × ९० साठी मधली सरळ वेणी ३० सेंमी, वाढ फक्त दोन टोकांना, तीन-तीन वळसे, दर फेरीला जागा सरकवून. वेणी साडेअठरा मीटर लागेल. विणताना लांबी साधारण तिसऱ्या हिश्शाने घटते, म्हणजे तीन पेडांना मिळून ८३ मीटर पट्टी. एका मोठ्या टीशर्टातून आठेक मीटर निघते. अकरा टीशर्ट, सगळे निव्वळ सुती. सुतीच्या ढिगात सध्या सात आहेत.