३१ ऑक्टोबरनंतर काय?

जोहान्सबर्गच्या कॉन्स्टिट्यूशनल कोर्टात, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या सगळ्यांत वरच्या कोर्टात, मी फॉरिन लॉ क्लर्क होते, न्यायमूर्तींसाठी संशोधन करणारी परदेशी मदतनीस. तिथे ज्या प्रकरणावर सगळ्यांत जास्त घाम गाळला, त्याचं नाव इथे येणार नाही. न्यायमूर्तींच्या चेंबरमधलं बाहेर न्यायचं नसतं. इतकंच सांगते, की शहराच्या जुन्या भागात एक इमारत होती आणि तीत परवानगीशिवाय राहणारी माणसं होती. मालकाला ती रिकामी करून हवी होती आणि महापालिका म्हणत होती, यांना द्यायला आमच्याकडे जागा नाही. जोबर्गमध्ये, म्हणजे जोहान्सबर्गमध्ये, अशी प्रकरणं इतकी आहेत की यावरून कुणाला काही ओळखू येणार नाही.

इकडे कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न गांधीजींचा येतो. हो, कोर्ट जुन्या तुरुंगाच्या आवारात उभं आहे. गांधीजी तिथे कैदेत होते, मंडेलाही होते. कच्च्या कैद्यांची बराक पाडून तिच्या विटा कोर्टाच्या बांधकामात वापरल्यात. पण रोज तिथे जाणाऱ्याला थोड्याच दिवसांत विटा दिसेनाशा होतात. मला कायम दिसत राहिली ती कोर्टरूममधली लांबट, बुटकी खिडकी. आत हिरव्या झग्यांतले न्यायमूर्ती, त्यांच्या बाकाला पुढून गाईची कातडी लावलेली, एकीचे ठिपके दुसरीसारखे नाहीत. आणि त्या खिडकीच्या फटीतून रस्त्याने जाणाऱ्यांचे नुसते पाय. एकदा वकील घर खाली करण्याच्या कलमावर बोलत असताना शाळेच्या काळ्या बुटांची एक रांग गेली आणि माझं लक्ष पार उडालं.

क्लर्क म्हणजे सतत घटनेचे गहन प्रश्न, असं लोकांना वाटतं. बराचसा वेळ अपिलाची परवानगी मागणारे अर्ज वाचण्यात जातो. काही तुरुंगातून हाताने लिहून आलेले. मुदत टळलेली, वकील नाही, खालच्या कोर्टाच्या निकालाची प्रतही जोडलेली नाही. तरी प्रत्येकावर टिपण करायचं, कारण त्या गिचमिडीत एखादा खरा मुद्दा असू शकतो. उरलेला वेळ तळटीपा खाऊन टाकतात, आणि त्यात आपले भारतीय निकाल म्हणजे डोक्याला ताप. त्यांच्याकडे प्रत्येक निकालाला कोर्टाचाच क्रमांक. आपल्याकडे त्यासाठी २०२३ उजाडावं लागलं. निकाल छापणारे एआयआर आणि एससीसी हे दोन रिपोर्ट, जुन्या निकालाला एकाचा संदर्भ वेगळा, दुसऱ्याचा वेगळा, परिच्छेदांचे आकडेही जुळतील याची खात्री नाही. एका वाक्याचा परिच्छेद शोधत मी दोन्ही रिपोर्ट शेजारी-शेजारी उघडून बसायचे.

त्यांच्या घटनेचं ३९वं कलम म्हणतं, की हक्कांचा अर्थ लावताना कोर्टाने आंतरराष्ट्रीय कायदा विचारात घेतलाच पाहिजे, परदेशी कायदा घेतला तरी चालेल. या सवलतीवर आम्हा परदेशी क्लर्कांचं अस्तित्व. त्यातही भारताचा भाव चांगला. १९९५ साली फाशी रद्द करताना त्यांनी आपल्या बच्चन सिंगची, म्हणजे फाशीवरच्या निकालाची, चर्चा केली, १९९७ साली डायलिसिसच्या प्रकरणात पश्चिम बंगाल खेत मजदूर समिती या तातडीच्या उपचारांवरच्या निकालाची. म्हणून त्या इमारतीच्या प्रकरणात आमच्या जजनी मेमो, म्हणजे संशोधनाचं टिपण, मागताना विचारलं, "भारतात अशा वेळी काय करतात?" तेव्हा माझी कॉलर आपोआप ताठ झाली. उत्तर लॉच्या पोरांना झोपेतही येतं: ओल्गा टेलिस, मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवण्याविरुद्धच्या याचिकांवरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल.

पाच न्यायमूर्तींचं पीठ, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, १० जुलै १९८५. घटनेच्या अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे याच निकालाने ठसठशीतपणे सांगितलं. मूट कोर्टात, म्हणजे लॉ कॉलेजांच्या लुटुपुटूच्या खटल्यांच्या स्पर्धेत, हे वाक्य टाकलं की परीक्षक मान डोलावतात. मूटवाली मंडळी तेवढंच वाचतात, हे माझं फार जुनं मत आहे. कित्येकांना तर ओल्गा टेलिस याच फुटपाथवर राहत होत्या असं वाटतं. त्या पत्रकार. फुटपाथवरच्या याचिकाकर्त्यांपैकी एक जण १९६१ साली तामिळनाडूतल्या सेलमहून मुंबईला आला होता आणि विलेपार्ल्याला हायवेच्या कडेला राहायचा. जुलै १९८१मध्ये, भर पावसात, त्याची झोपडी पाडली आणि घरच्यांसकट त्याला सेलमच्या बसमध्ये बसवून दिलं. बायकामुलं तिकडेच राहिली, हा कामासाठी परत आला आणि पुन्हा फुटपाथवर. हे सगळं निकालात लिहिलेलं आहे.

मेमोसाठी निकाल पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला आणि शेवटाकडे येताना अडले. मुंबई महापालिका कायद्याच्या ३१४व्या कलमानुसार आयुक्त नोटीस न देता अतिक्रमण हटवू शकतात. कोर्ट म्हणतं, कलम वैध आहे, पण सहसा नोटीस द्यावी, म्हणणं ऐकावं. मग या लोकांचं म्हणणं ऐकायला प्रकरण आयुक्तांकडे परत पाठवायचं का? नाही. का, तर आम्हीच त्यांना भरपूर ऐकून घेतलंय. झोपड्यांच्या १९७६च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली त्यांना पर्यायी जागा द्यावी, पण ती हटवण्याआधीच दिली पाहिजे अशी अट नाही. आणि पावसाळ्याचा विचार करून ३१ ऑक्टोबर १९८५पर्यंत कुणाला हटवू नये.

म्हणजे त्यानंतर हटवावं.

जोबर्गमध्ये बसून हे वाचणं अवघड होतं, कारण तिथलं ऑलिव्हिया रोडचं प्रकरण नेमकं उलट्या वाटेने गेलंय. दोन मोडकळीला आलेल्या इमारतींत ४००हून जास्त माणसं. ऑगस्ट २००७मध्ये, सुनावणीनंतर दोनच दिवसांत, कोर्टाने महापालिकेला आणि रहिवाशांना सांगितलं, आधी एकमेकांशी बसून मनापासून बोला आणि काय झालं ते शपथपत्रावर आम्हाला कळवा. तोडगा निघाला. २००८च्या निकालात न्यायमूर्ती याकूब यांनी ही बोलणी करणं महापालिकेचं कर्तव्यच ठरवून टाकलं. कोर्टाने ऐकलं म्हणजे महापालिकेने ऐकल्यासारखं झालं, ही सोयच तिथे नाही.

मी मेमोत दोन्ही लिहिलं. उपजीविकेच्या हक्कावर दोन पानं आणि आदेशाच्या शेवटावर एक परिच्छेद. शेजारच्या टेबलावरची क्लर्क, जोबर्गच्या सोवेटो भागातली, हुशार आणि फटकळ, मसुदा वाचून म्हणाली, "हा परिच्छेद काढ. जजना तत्त्व हवंय, तुझ्या देशाची उणीदुणी नकोत." बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. तिथले बहुतेक परदेशी क्लर्क आपापल्या देशाचा सेल्समन होऊनच येतात. मी तो ठेवला.

जजनी मेमो माझ्यासमोर वाचला. शेवटच्या परिच्छेदावर पेन्सिल थांबली. "आणि ३१ ऑक्टोबरनंतर? ही माणसं गेली कुठे?"

मला माहीत नव्हतं. रिपोर्टात नसतं. पाच वर्षं हा निकाल पाठ करून परीक्षा दिल्या, स्पर्धा जिंकल्या, एकाही प्राध्यापकाने हे विचारलं नाही. मी तसं सांगितलं. ते मान हलवून म्हणाले, "आमच्याकडेही ग्रूटबूम आहे."

ग्रूटबूम २००० सालचा निकाल, घराच्या हक्कावरचा, जगभर शिकवला जातो. केप टाऊनजवळच्या वॉलेसडीनमधले ९०० अर्जदार, त्यातली ५१० मुलं. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो त्या आयरीन ग्रूटबूम २००८मध्ये गेल्या, तेव्हाही झोपडीतच होत्या आणि हक्काच्या घराची वाट पाहत होत्या. जजनी हे सगळं सांगितलं नाही, नुसतं नाव घेतलं आणि पान उलटलं. सोवेटोची मैत्रीण नंतर कॉफीच्या मशीनपाशी म्हणाली, "बघ, आता आपण बरोबरीत."

मला ही बरोबरी अजून पचलेली नाही. मी परत आल्यावर त्या इमारतीच्या प्रकरणाचा निकाल लागला. त्यात भारत नाही, साधी तळटीपसुद्धा नाही. माझ्या त्या परिच्छेदामुळे गळला, की त्यांच्या स्वतःच्या निकालांवरच काम भागलं, हे विचारायची सोय नाही. सध्या मी ज्यांच्याकडे ज्युनिअर आहे ते म्हणतात, कोर्टाचं काम आदेशापाशी संपतं, पुढचं बघायला समाजशास्त्रवाले आहेत. मग कोर्टाने तारीख तरी कशाला घातली, असं मी विचारलं. त्यावर ते हसले आणि दुसऱ्या दिवशीच्या बोर्डाकडे वळले.

मी मात्र शोधायला लागले आहे. विलेपार्ले पूर्वेला, हायवेच्या कडेला १९८५च्या दिवाळीआधी काय झालं ते पाहिलेलं कुणी तुमच्या ओळखीत असेल, किंवा कुणाकडे झोपडीचं १९७६चं ओळखपत्र जपलेलं असेल, तर मला जरूर कळवा. फोटो चालेल, झेरॉक्सही चालेल.