मेड इन इंग्लंडची पाटी

मागच्या उन्हाळ्यात उदगीरचा एक पोरगा छोटा हत्तीत बुलेटचं इंजिन टाकून माझ्या गॅरेजात आला. गिअरबॉक्स अजून मागं जोडलेलीच होती. बाकी गाडी म्हणे गोठ्यात, वर कडब्याच्या पेंढ्या.

"मामा, हे इंग्लंडचंय. आजोबा सांगायचे. पुण्याचा एकजण घ्यायलाय, पण म्हणतो मिस्त्रीकडून लिहून आण."

लातुरात बार्शी रोडला बसून मी आयुष्यभर बुलेटच खोलल्यात. असं लिहून कुणाला दिलेलं नाही. तरी म्हटलं, बघू.

आधी नंबर. चेंबरवरची, म्हणजे इंजिनाच्या खालच्या खोक्यावरची, काजळी रॉकेलनं धुतली. अंक सरळ ओळीत, सगळे एकाच खोलीचे, भोवती कानस फिरल्याची खूण नाही. आरसी बुकाशी जुळला. नोंद 1960 ची. भानगडीचं इंजिन नाही एवढं कळलं, बाकी काही नाही.

खोलायला बसलो तर पोरगा म्हणतो, "आटे इंची हायत. म्हणजे इंग्लिशच की." मीसुद्धा कितीतरी वर्षं हेच लोकांना ठोकून सांगत होतो, पण ते खरं नाही. रॉयल एनफिल्डचा मूळ कारखाना इंग्लंडात रेडिचला, सुया बनवणाऱ्यांच्या गावात. लष्कराला बुलेट पाहिजे होत्या, म्हणून 1955 ला मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया निघाली. सुरुवातीला तिकडून सुटे भाग यायचे, इथं जुळणी व्हायची. 1957 ला भाग बनवायची हत्यारंही इकडं आली आणि 1962 पर्यंत सगळे भाग इथंच बनायला लागले. हत्यारं तीच, नकाशे तेच, मग आटे वेगळे कसे असतील? मद्रासच्या गाडीलाही पुढं कितीतरी वर्षं सुताचेच पाने लागायचे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 70 मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, 90; दोन्हीकडं सारखंच. मापायचा व्हर्नियर खिशातच राहिला.

मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी देणारा भाग, पुसला आणि पोरगा उडालाच. लुकास ह्या विलायती कंपनीची पाटी, खाली 'मेड इन इंग्लंड'. लगेच मोबाईलवर फोटो. मी म्हटलं, थांब जरा. लुकास-टीव्हीएस मद्रासला निघाली 1961 साली. त्याआधीच्या मद्रासी गाडीवर विलायती लुकास सापडलं तर नवल काय?

राहिली गिअरबॉक्स. 1959 ला रेडिचवाल्यांनी गिअरचं गुणोत्तर थोडं बदललं. मद्रासनं बदललं नाही, कारण लष्कराला तशाच गाड्या द्यायच्या होत्या. माझ्याकडं सत्तरच्या दशकातली एक मद्रासी गिअरबॉक्स फळीवर पडून होती. दोन्हींना खडूच्या खुणा केल्या आणि एकेक गिअर टाकून गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट (मागच्या चाकाची चेन ओढणारं दातेरी चाक) दहा फेरे फिरवलं, क्लचकडचे फेरे मोजले. चौथा सरळच, त्यात मोजायला काही नसतं. पहिले तीन तंतोतंत जुळले, म्हणजे गिअरबॉक्स मद्रासची. ह्यात अख्खी दुपार गेली, दोन गिऱ्हाइकं चिडून निघून गेली.

"पण मामा, गिअरबॉक्स कुणी बदलली असली तर?"

पोरगं हुशार होतं. बुलेटची गिअरबॉक्स वेगळीच असते, इंजिनाच्या पाठीला चार स्टडवर बसते. कुणीही बदलू शकतं. मी चहा सांगितला आणि विचारलं, "आजी हाय का रे?"

होती. त्यानं फोन स्पीकरवर टाकला. आजीला आधी वाटलं पोराचा ॲक्सिडेंट झाला. मग म्हणाली, "फटफटी व्हय? हैदराबादच्या दुकानातून घेतली. रेल्वेनं आली, ठेसनावर उतरवून घ्यायला चारजण गेलते. दुकानदार म्हणाला, कंपनी विलायतेची, गाडी मद्रासची. तुझा आजोबा गावात निम्मंच सांगायचा."

हैदराबादकडून येणारी विकाराबाद-परळीची लाइन उदगीरवरूनच जाते, तेव्हा तेही जमत होतं. पोरगा चहाच्या कपाकडं बघत बसला. मी म्हटलं, मद्रासची गाडी, विलायती मॅग्नेटो, एवढं लिहून देतो.

"राहू द्या. चालू तेवढी करून द्या."

कनेक्टिंग रॉडचा बुश पार झिजला होता, तो मिळवण्यात महिना गेला. अधूनमधून त्याचा फोन यायचा आणि दरवेळी एकच सांगायचा: मॅग्नेटोची पाटी घासू नका.