उपडं पुस्तक

रविवार, रात्रीचे पावणेबारा

मुक्ता साडेसातला गेली आणि तेव्हापासून मी टेबलावरचं पुस्तक उचललेलं नाहीये. उघडं, उपडं, तिने ठेवलं तसंच पडलंय. पाणी प्यायला उठले तरी टेबलाला वळसा घालून जातेय.

झालं तसं काहीच नाही. दुपारी फोन आला म्हणून मी आत गेले, वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील, बाहेर आले तर मी उघडं टाकून गेलेलं पुस्तक उपडं आणि ती जमिनीवर बसून पेन्सिलींना टोक काढतेय. ज्यांना टोक होतं त्यांनाही. मान वर करून "झाला फोन?" म्हणाली आणि परत शार्पनर फिरवायला लागली. बस, एवढंच. घाबरली नाही, रडली नाही, "आत्तू हे काय आहे" असंही नाही विचारलं. पुस्तक मिटलं असतं तर मी म्हटलं असतं की आवरलं पोरीने टेबल. मिटलं नाही. ते पान तिने खाली तोंड करून ठेवलं.

मी काही बोलले नाही. आणि खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा मला बाइंडिंगचीच काळजी वाटली, कारण अशी जाड पुस्तकं उपडी ठेवली की पाठीवर पांढरी रेघ पडते ती जन्मात जात नाही, माझ्या कपाटातल्या एकाही पुस्तकाच्या पाठीवर अशी रेघ नाहीये. हात पुढे गेलाही होता. पण मग वाटलं आत्ता उचललं तर पान परत वर येईल, तिच्यासमोर. म्हणून राहू दिलं. त्या पुस्तकाशेजारी बसून आम्ही तासभर पत्ते खेळलो आणि दोघींपैकी एकीनेही तिकडे बघितलं नाही.

पान कुठलं ते बघायला मला पुस्तक उचलायची गरज नाही. क्रिगस्टीन या अमेरिकन कॉमिक्स चित्रकाराचं. १९५५ सालची ती आठ पानांची गोष्ट, तिचं शेवटाकडचं पान. भुयारी रेल्वेचा प्लॅटफॉर्म, पळणारा माणूस, पाय निसटतो, आणि मग एकाला लागून एक अशा अरुंद उभ्या चौकटी. गाडी येते. खिडकीतले प्रवासी, एकच चेहरा तीनदा-चारदा काढलेला, दर वेळी जरासा सरकवून, की बघताना आपलेच डोळे गाडीबरोबर घसरत जातात. रक्ताचा थेंब नाही. ज्यांना काहीच कळलेलं नाही असे ते खिडकीतले लोक दिसतात फक्त. या गोष्टीला संपादकांनी सहा पानं दिली होती, क्रिगस्टीनने बारा मागितली, भांडून आठ मिळाली, मग त्याने चौकटीच चिरल्या, एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि त्या एवढ्याशा जागेत ते सेकंद बसवले. मी ते पान किती वेळा बघितलंय याला गणती नाही. मला ते सुंदर वाटतं. हो, सुंदर, दुसरा शब्द नाहीये माझ्याकडे.

आणि तिने ते उपडं ठेवलं.

एवढं का लागलं मला. आजवर काय कमी ऐकलंय? आईचं "असलं बघून झोप कशी लागते गं तुला", ऑफिसातलं "तुझ्याकडे बघून वाटत नाही हं", आणि तो, त्याच्याबद्दल मला आज लिहायचंच नाहीये, तो तर म्हणायचा की निरोगी माणसाला या गोष्टींची गरज पडत नाही. ऐकून घेतलं सगळं. कितीतरी सिनेमांना एकटी गेलेय, एकटी दचकलेय, बाहेर आल्यावर सांगायला कोणी नाही म्हणून घरी येऊन याच वहीत पानंच्या पानं लिहून काढलीयेत. मोठ्या माणसांबद्दल निदान असं म्हणता येतं की जाऊ दे, त्यांना कळत नाही. मुक्ताबद्दल कसं म्हणू. तिला चित्र आवडलं तर ती अक्षरशः नाक टेकवून बघते, तिच्यासारखं चित्र बघणारं आख्ख्या घरात कोणी नाही. अजून चार-पाच वर्षांनी हिला एकेक दाखवीन असं मी मनात धरून बसले होते. आधी काय, मग काय, सगळा क्रम ठरलेला. ते पान त्यात सगळ्यात शेवटी होतं.

लोकांना वाटतं हिला रक्त आवडतं. मला रक्त बघवत नाही, सुईसुद्धा बघवत नाही, मागच्या वर्षी त्या सगळ्या दिवसांत मी किती वेळा कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले ते वहिनीला माहितीये. मला आवडतं ते हे, की कोणीतरी बसून, डोकं लावून, हाताने भीती बनवलीये. ‘सायको’तला तो बाथरूममधला प्रसंग पाऊण मिनिटाचा, त्याच्या शूटिंगला आठवडा लागला होता. रक्त म्हणजे चॉकलेट सिरप, कारण सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट, त्यात ते खऱ्यापेक्षा खरं दिसतं. सुरीचा आवाज खरबुजात सुरी खुपसून काढलेला. हिचकॉकला तिथे संगीतच नको होतं, बर्नार्ड हरमनने तरी व्हायोलिनची ती ओरड लिहून आणली आणि ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. १९६० चा सिनेमा. मला यातलं सगळं पाठ आहे आणि तरी दर वेळी माझे खांदे कानापर्यंत वर जातात. खरबूज आहे, सिरप आहे हे माहीत असून. हे मला जादूपेक्षा मोठं वाटतं, मी काय करू.

आणि क्राइम थ्रिलरमध्ये तर मेलेल्या माणसाची कोणीतरी चौकशी करतं. कोण होता, कुठे राहायचा, शेवटचं कोणाशी बोलला, खिशात काय होतं. एका माणसासाठी कोणीतरी इतकी पायपीट करतंय हे मला प्रत्येक वेळी आत कुठेतरी लागतं. का ते मला ठाऊक आहे. असो.

मघापासून मला स्कॉट मॅक्लाउड आठवतोय. त्याने १९९३ साली कॉमिक्सबद्दलचं पुस्तक कॉमिक्सच्याच रूपात काढलं, त्यात तो दोन चौकटी दाखवतो, पहिलीत एकाने कुऱ्हाड उगारलीये, दुसरीत रात्रीचं शहर आणि एक किंकाळी. घाव कुठेच काढलेला नाही. तो दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत पडतो आणि घालणारे आपण असतो, प्रत्येक वाचक आपापल्या ताकदीने. मी हे किती जणांना किती उत्साहाने सांगितलंय, की बघा, कॉमिक्सची खरी ताकद त्या रिकाम्या पट्टीत आहे. आज पहिल्यांदा मनात आलं की मुक्ताने त्या पट्टीत काय बघितलं असेल. क्रिगस्टीनच्या पानावर तर पट्ट्याच पट्ट्या आहेत. मला तिथे आता रेषा दिसतात, मोजून बसवलेला वेळ दिसतो. तिला पडणारा माणूस दिसला असेल. म्हणजे तिने ते पान माझ्यापेक्षा जास्त बघितलं. हे लिहिलं आणि पाच मिनिटं तशीच बसून राहिले.

बरं, भांडावं तर तेही स्वतःशीच. १९५४ च्या त्या प्रकरणात मी कायम एकाच बाजूची. डॉ. वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचं पुस्तक आलं, कॉमिक्समुळे मुलं बिघडतात म्हणून, अमेरिकेत सेनेटच्या उपसमितीने सुनावणी घेतली, आणि गेन्स, क्रिगस्टीनची गोष्ट पुढे ज्याच्या कंपनीने छापली तोच, आपणहून साक्षीला गेला, बत्तीस वर्षांचा होता फक्त. सेनेटर केफॉव्हरने एक कव्हर समोर धरलं, कुऱ्हाड आणि बाईचं कापलेलं डोकं, आणि विचारलं की हे अभिरुचीला धरून आहे का. गेन्स म्हणाला हो, भयकथांच्या कॉमिकचं कव्हर म्हणून आहे, डोकं आणखी वर धरून मानेतून रक्त टपकताना दाखवलं असतं तर नसतं. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर नियमावली लादून घेतली. नावात भय, दहशत हे शब्द नकोत, व्हॅम्पायर नकोत, चालती प्रेतं नकोत, आणि प्रत्येक वेळी चांगल्याचाच विजय झाला पाहिजे. व्हॅम्पायरला परत यायला १९७१ उजाडलं आणि ती नियमावली पूर्ण संपायला २०११. किती चित्रकारांचे हात त्यात बांधले गेले. वर्थमने पुराव्यांत फेरफार केल्याचं २०१२ मध्ये कॅरोल टिली या संशोधिकेने त्याचीच कागदपत्रं तपासून दाखवलं तेव्हा मी आनंदाने खुर्चीतून उठले होते.

पण आज गेन्सचं ते उत्तर परत आठवलं आणि पटेना. इतकं वर धरलं तर चालतं, त्याच्या वर नाही. माझ्या टेबलावर तर रक्तच नव्हतं. तरी तिला ते झाकावंसं वाटलं. आणि वर्थमही, ज्याला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, तो न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गरीब लोकांसाठी क्लिनिक चालवायचा, मुलं त्याच्यासमोर येऊन बसायची, बोलायची. त्याने चुकीचंच केलं, हे मी अजूनही म्हणते. फक्त आज कळलं की त्याच्यासमोर मूल बसलेलं असायचं. माझ्यासमोर आजवर कधी नव्हतं.

दादा न्यायला आला तेव्हा दारातच उभा राहिला. हल्ली तो आत येत नाही. चपला घालत असलेल्या मुक्ताकडे बघत मला म्हणाला, "काही दाखवलं नाहीस ना हिला असलंतसलं?" मी तोंड उघडणार एवढ्यात तीच म्हणाली, "नाही बाबा, पत्ते खेळलो आम्ही."

खरंच तर होतं. मी नव्हतंच दाखवलं. पण ज्या पटकन ती बोलली ना. दुपारी पान झाकलं तस्संच.

असलंतसलं. हे दादाने म्हणावं. धारपांची पुस्तकं मला वाचून दाखवणारा दादाच. पांघरुणात टॉर्च घेऊन, आवाज काढून काढून, आणि ऐन वेळी टॉर्च विझवून. मी ओरडले की आई यायची आणि तो झोपेचं सोंग घ्यायचा, मीपण घ्यायचे, त्याचं नाव मी एकदाही सांगितलं नाही. पुढचं ऐकायचं असायचं ना. मग आई गेली की मी हट्ट धरायचे की पुस्तक असं ठेवू नकोस, ते बघतंय आपल्याकडे, तेव्हा दादा ते पालथं करायचा, वर डिक्शनरी ठेवायचा आणि म्हणायचा, "आता येतोय बघू बाहेर." त्या डिक्शनरीच्या भरवशावर झोपायचे मी. सकाळी उठून पहिली डिक्शनरी बाजूला करायचे.

मुक्ताला ही गोष्ट दादाने सांगितली असेल असं वाटत नाही.

मघाशी वाटलं वहिनीला मेसेज करावा, झोपली का म्हणून. टाइप केला, खोडला. झोपली असेल तर उगाच विषय निघेल, नसेल झोपली तर मी इथून काय करणार आहे. पुढच्या वेळी ती आली की पान दाखवणार नाही आणि लपवणारही नाही. कपाट जसं आहे तसं राहील. मला हे आवडतं, खूप आवडतं, आणि हे आवडणारी तिची एक आत्या आहे, एवढं तिला माहीत असलं तर असू दे. तिला नाही आवडलं तर नाही. मनातल्या त्या क्रमाचा हट्ट मात्र सोडून द्यायला लागणार बहुतेक. ते जरा जड जातंय, पण दुपारइतकं नाही.

साडेबारा झाले. उठले, पुस्तक उचललं. पाठीवर रेघ पडलीये, वरपासून खालपर्यंत, नखाने चोळली तरी जात नाही. मिटून कपाटात ठेवायला गेले, हातातून जरा सैल पडलं तर आपसूक तेच पान उघडलं. मिटून परत बघितलं. परत तेच.