टाकीत पाणी, पाइपात हवा

ऑगस्टची झड लागून चौथा दिवस होता. वणी–करंजी रस्त्यावरच्या आमच्या गॅरेजसमोर सकाळी आठला एक बाराचाकी येऊन उभी राहिली. बीएस-४ ची, कॉमन रेल इंजिनाची (एकाच जाड नळीत प्रचंड दाबाने साठवलेलं डिझेल सगळ्या नोजलांना जातं ते), कोळसा ओढणारी गाडी. ड्रायव्हरने खाली उतरून आधी तक्रार नाही, थेट ऑर्डरच दिली : "मिस्त्री, याच्यावर आणखी एक मोठा वॉटर सेपरेटर लावून द्या. मालकानं सांगतलं."

वॉटर सेपरेटर म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं काढून खालच्या वाटीत साठवणारा गाळणारा. आणखी एक म्हणजे तिसरा. कंपनीचा एक होताच, महिन्याभरापूर्वी कोणीतरी दुसरा चढवला होता. त्याआधी इंजिनात डिझेल फवारणारे दोन नोजल बदलून झाले होते. तरी दुखणं तेच. "रिकामी गाडी फर्स्ट क्लास पळते. लोड घेऊन चढाला लागली का दम सोडते आन् बंद पडते. दहा मिनिटं थांबलो का पुन्हा चालू."

हे शेवटचं वाक्य कामाचं होतं. नोजल खराब असेल तर ते दहा मिनिटांत बरं होत नाही. थांबल्यावर बरी होणारी गाडी बहुधा डिझेलच्या उपासमारीने बंद पडलेली असते. उपासमार कुठे होते तेवढं शोधायचं.

स्कॅनर लावण्याआधी बाटली लावली. एक लिटरची रिकामी पारदर्शक बाटली आमच्याकडचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वापरलं जाणारं हत्यार. कंपनीच्या सेपरेटरचा ड्रेन उघडून पाव बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. वीस मिनिटांत तळाला दोन बोटं पाणी बसलं, वर डिझेल, आणि दोघांच्या मधल्या रेषेवर काळे, शेवाळासारखे धागे. ते धागे म्हणजे बुरशी आणि जंतू. नुसत्या डिझेलमध्ये ते वाढत नाहीत, त्यांना पाणी लागतं. म्हणजे हे पाणी काल-परवाच्या पावसाचं नव्हतं, बरेच दिवस मुक्कामाला होतं.

मग दुसऱ्या, नंतर लावलेल्या सेपरेटरकडे वळलो. त्याची खालची वाटी पत्र्याची. आत काय आहे ते बाहेरून दिसायची सोय नाही. ड्रेन उघडला तर धार लागली ती निव्वळ पाण्याची. वाटी काठोकाठ भरलेली.

"डॅशबोर्डवरचा पाण्याचा दिवा लागत नव्हता का?" ड्रायव्हर म्हणाला, "आधी लागे. हा नवा बसवल्यापासून बंद झाला. मंग मालकाले वाटलं पाणी गेलं."

पाणी गेलं नव्हतं, फक्त खोली बदलून बसलं होतं. त्या दिव्याचा सेन्सर कंपनीच्या वाटीत असतो. दोन पिना, त्यांच्यामध्ये पाणी आलं की करंट वाहतो, डिझेलमधून वाहत नाही. एवढंच त्याचं गणित. नवा सेपरेटर टाकी आणि कंपनीच्या सेपरेटरच्या मध्ये बसवला, त्यामुळे बहुतेक पाणी आधी तिथेच थांबू लागलं, आणि तिथे सेन्सरही नाही, काचही नाही. दिवा विझला याचा आनंद महिनाभर चालला. जास्तीचा सेपरेटर घ्यायचाच असेल तर पारदर्शक वाटीचा घ्या, किंवा सेन्सरची जागा असलेला घ्या. पत्र्याच्या वाटीचा फुकट मिळाला तरी आम्ही लावत नाही.

आता उपासमारीचा पुरावा. टाकीतलं डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या तोंडाशी टी (तीन तोंडांचा जोड) लावून ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज जोडला. आयडलवर पाऱ्याचे ४ इंच. ॲक्सिलेटर पूर्ण दाबला तर काटा १२ वर. गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात सक्शनची, म्हणजे या ओढीची, मर्यादा दिलेली असते, ती पाहावीच. पुस्तक हाताशी नसेल तेव्हा आम्ही ५-६ इंचांच्या वर शंका घेतो आणि १० च्या वर गाडी लोडवर जाऊ देत नाही. इथे तर उभ्या गाडीलाच १२.

खात्रीसाठी टाकी वगळून पाहिलं. स्वच्छ डिझेलचा २० लिटरचा कॅन टाकीच्याच उंचीवर ठेवून पाइप थेट फीड पंपाला दिला. काटा २ च्या खाली आणि इंजिनाचा आवाज एकसारखा. पंप, रेल, नोजल या सगळ्यांची सुटका झाली. दोष टाकी आणि पंपाच्या मधल्या दोन मीटरमध्ये होता.

त्या दोन मीटरमध्ये काय काय सापडलं ते सांगतो, कारण या चुका आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो.

पहिली आणि मोठी चूक म्हणजे नव्या सेपरेटरच्या आत चढवलेलं कार्ट्रिज, म्हणजे बदलता येणारा गाळणारा कागद, २ मायक्रॉनचं होतं. बारीक जाळी म्हणजे चांगली जाळी, असा समज. पण इतकी बारीक जाळी पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला असते. तिथे पंप डिझेल ढकलतो. टाकीच्या बाजूला पंपाला ते ओढावं लागतं, आणि ओढण्याची ताकद फार तोकडी असते. सक्शनला ३० मायक्रॉनच्या आसपासचा जाड गाळणारा पुरतो. त्यात वाटी काठोकाठ भरल्याने पाणी कागदापर्यंत चढलं होतं. हा कागद पाणी अडवण्यासाठीच केलेला. पाण्याचे थेंब त्याच्यावर चिकटले की तेवढी छिद्रं बुजली. गाडी थांबली, ओढ थांबली, थेंब कागदावरून सुटून खाली बसले, दहा मिनिटांनी रस्ता मोकळा. ड्रायव्हरचं कोडं इथे सुटलं.

दुसरी चूक पाइपाची. मूळ नायलॉनचा पाइप मधून कापून त्याच्या टोकावर ८ मिलिमीटरचा रबरी पाइप नुसता सरकवून क्लिपा आवळल्या होत्या. नायलॉनचं टोक गुळगुळीत, त्यावर रबर हवा धरत नाही. पाइपाचं पोटही मूळ पाइपापेक्षा लहान. तपासणीपुरता फीड पंपाजवळ पारदर्शक पाइपाचा तुकडा टाकला तर बुडबुड्यांची माळच दिसली. सक्शनच्या गळतीची हीच लबाडी आहे : डिझेलचा एक थेंब खाली पडत नाही, हवा मात्र आत जाते. साबणाचं पाणी लावून ती सापडत नाही. (तो पारदर्शक तुकडा तपासणी झाली की काढायचा. गवंडी लेव्हलला वापरतात तो पीव्हीसी पाइप डिझेलमध्ये काही दिवसांत कडक होतो आणि चिरतो.)

तिसरी चूक टेफलॉन टेप. नळाच्या कामात ती ठीक. डिझेलच्या आट्यांवर गुंडाळली की तिचे धागे तुटून पुढे जातात, आणि पुढे हाय प्रेशर पंप आणि नोजल आहेत, जिथले भाग एकमेकांत दोन-तीन मायक्रॉनच्या फटीत फिरतात. बँजोला (पोकळ बोल्टाच्या जोडाला) नवे कॉपर वायसर आणि अडॅप्टरला ओ-रिंग लावायची. जुने वायसर उलटे करून लावायची आपल्याकडे सवय आहे, ती दहा रुपये वाचवते आणि हवा देते.

दुपारी टाकी रिकामी केली. ड्रेन प्लग काढल्यावर आधी पाणीच आलं, बादलीत मोजलं तर साडेतीन लिटर. सेपरेटरच्या वाटीत मावतं पाव लिटर. साडेतीन लिटर पाण्यासमोर तीन काय, पाच सेपरेटर लावले तरी ते एकापाठोपाठ एक भरतील आणि शेवटी पाणी पुढे जाईल. पुढे गेलेलं पाणी नोजलच्या तोंडाशी तापून वाफ होतं आणि टोक फोडतं. शिवाय पंपाला वंगण डिझेलचंच. पाणी आलं की वंगण गेलं आणि गंज आला. आधीचे दोन नोजल कशाने गेले असतील, ते वेगळं सांगायला नको.

फ्लोट काढून सक्शनची जाळी पाहिली, काळ्या चिकट लगद्याने अर्धी बुजलेली. टाकी डिझेलनेच धुतली, दोनदा. पाण्याने किंवा वाफेने धुवायची नाही. आतून पुसायला धागे न सुटणारं कापड. सुती चिंध्या नकोत, त्यांचे धागे जाळीवरच जाऊन बसतात.

मग नवं बसवणं. जास्तीचा सेपरेटर आम्ही ठेवलाच. पावसाळाभर कच्च्या रस्त्याने खाणीत जाणाऱ्या गाडीला तो उपयोगी आहे, आमचा विरोध चुकीच्या बसवण्याला. निवडताना पहिला आकडा पाहायचा तो ताशी किती लिटरचा प्रवाह झेलतो याचा. इथे लोक फसतात. हे इंजिन लोडवर तासाला २०–२५ लिटर जाळत असेल, पण पंप त्याच्या कितीतरी पट ओढतो आणि उरलेलं रिटर्न पाइपाने टाकीत परत देतो. सेपरेटरला ते सगळं झेलावं लागतं. ताशी २०० लिटरच्या वरचा, ३० मायक्रॉनच्या कार्ट्रिजचा, पारदर्शक वाटीचा घेतला.

जागा टाकी आणि कंपनीच्या सेपरेटरच्या मधली, चेसीच्या आतल्या बाजूला, सायलेन्सरपासून लांब. ६ मिलिमीटर पट्टीचा ब्रॅकेट केला आणि चेसीच्या उभ्या पत्र्यात आधीपासून असलेल्या दोन भोकांतून १० चे बोल्ट, नायलॉक नटांसह. चेसीच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्टीत नवं भोक कधीच पाडू नये, तिथूनच तडा सुरू होतो. वाटी चेसीच्या सगळ्यात खालच्या भागाच्या वरच राहील असं पाहिलं, नाहीतर खाणीतला पहिलाच दगड ती फोडेल. कार्ट्रिज काढायला खाली वीतभर मोकळी जागाही ठेवली. टाकीकडच्या बाजूला एक शटऑफ कॉक बसवला. टाकी भरलेली असताना कार्ट्रिज बदलायचं तर कॉक नसल्यास डिझेल कोपरापर्यंत येतं.

पाइप डिझेलचाच नायट्राइल रबराचा, आतलं माप मूळ पाइपाएवढं. जिथे नायलॉनला जोड द्यायचा तिथे त्याचा काटेरी जॉइंट. बँजोचे आटे चौदा बाय दीड आहेत की सोळा बाय दीड ते मोजून घेतलं. हाताने तीन आटे गेले नाहीत तर पाना लावायचा नाही. आत-बाहेरचे बाण पाहून जोडलं. उलटा जोडला तर डिझेल फिरवून पाणी बाहेर फेकणारा भाग काम करत नाही आणि सेपरेटर नुसता डबा होतो. कार्ट्रिजच्या रबराला स्वच्छ डिझेलचं बोट, हाताने टेकेपर्यंत फिरवायचं, वर पाऊण फेरा. पाना नाही. वाटी पुसायची तीही डिझेलने. थिनर लावलेल्या वाट्या केसासारख्या चिरा घेऊन आमच्याकडे परत येतात.

एअर काढताना कार्ट्रिजमध्ये डिझेल ओतून बसवता येतं, पण फक्त या पहिल्या, जाड गाळणाऱ्यात. शेवटच्या बारीक फिल्टरमध्ये वरून ओतलेलं डिझेल न गाळताच पुढे जातं. तो रिकामाच बसवून हँड प्रायमरने, म्हणजे हाताने दाबायच्या छोट्या पंपाने, भरायचा. सत्तर-ऐंशी दाबांनंतर प्रायमर दगडासारखा कडक झाला. सेल्फ एका वेळी १५ सेकंदांच्या वर मारला नाही, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. कॉमन रेलवर नोजलचे पाइप ढिले करून एअर काढायची जुनी पद्धत पूर्ण सोडा. तिथला दाब हजार बारच्या वर असतो, ती धार कातडी भेदून हातात शिरते, आणि मग मलमपट्टीचं काम राहत नाही, ऑपरेशनचं होतं.

गेज पुन्हा पाहिला : आयडलवर दीड, पूर्ण ॲक्सिलेटरवर ३. त्याच गेजसकट ड्रायव्हर लोड घेऊन पंचवीस किलोमीटर फिरून आला. चढावर ४ च्या वर काटा गेला नाही.

काम झालं होतं, पण साडेतीन लिटर पाण्याचा हिशेब लागत नव्हता. टाकीच्या झाकणाचं रबर शाबूत. हवेतला ओलावा रात्री थंड टाकीत गळतो हे खरं, पण त्याने चमच्या-चमच्याने पाणी साचतं, लिटरने नाही. ड्रायव्हरला विचारलं, डिझेल कुठे भरता? "घरीच जी. मालक ड्रम भरून ठेवते, पंप लांब पडते ना."

मालकांना फोन केला. ड्रम आंगणात, उभे, उघड्यावर. "पण बूच तर घट्ट आवळून ठेवतो भाऊ, वरतून पाणी जाईनच कसं?"

जातं. उभ्या ड्रमच्या वरच्या काठात पाऊस थाळीसारखा साचतो आणि दोन्ही बुचं त्या पाण्यात बुडतात. दुपारी ऊन पडलं की ड्रम तापतो, आतली हवा फुगून आट्यांतून बाहेर निघते. सरीने ड्रम एकदम थंड झाला की आत ओढ तयार होते आणि बाहेर साचलेलं पाणी आट्यांतून आत खेचलं जातं. बुचाचं रबर जुनं असलं की रोज थोडं थोडं. विदर्भातल्या पावसाळ्यात, दुपारी चटका आणि संध्याकाळी सर, ड्रम अक्षरशः श्वास घेतो.

मालक संध्याकाळी ड्रमच्या तळातून पाइपाने ओढलेली बाटली घेऊन मोटरसायकलवर आले. अर्धी बाटली पाणी. मग पत्र्याखाली ड्रम आडवे ठेवायचं ठरलं, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे ती आतून डिझेलमध्ये बुडालेली राहतात आणि हवा ओढत नाहीत. उपसण्याआधी ड्रम उभा करून रात्रभर स्थिर ठेवायचा आणि पाइप तळापासून चार इंच वर. गाडीची टाकी संध्याकाळी भरायची. सकाळी सेल्फ मारण्याआधी, रात्रभर पाणी बसलेलं असताना, वाटीतून बाटलीत काढून पाहायचं. इंजिन चालू असताना ड्रेन उघडला तर पाणी पडत नाही, हवा आत जाते. जास्तीचं एक कार्ट्रिज केबिनमध्ये ठेवायला दिलं, कारण टाकी कितीही धुतली तरी लगद्याचे कण पहिल्या काही दिवसांत सुटतातच.

ते कार्ट्रिज नवव्या दिवशी लागलं. ड्रायव्हरने स्वतःच बदललं आणि जुनं दाखवायला घेऊन आला, सोबत त्या सकाळची बाटली. तळाला झाकणभरही पाणी नव्हतं. ड्रम आडवे झाले का, विचारलं. "दोन झाले. तिसऱ्याचं बूच सडलं होतं, त्याचं तोंड कापून मालकानं गाडी धुवाले पाणी भरून ठेवलं."