आधी शहरांचा क्रम, मग व्हिसा, मग तिकिटे

मे महिन्याच्या सुट्टीत युरोपला जायचे ठरले, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने आपापले शहर सांगून टाकले. नऊ वर्षांच्या मुलाला बर्लिनची भिंत पाहायची होती, पत्नीला व्हिएन्ना, आणि मला, रेल्वेचे वेड असल्यामुळे, १८८४ साली उभे राहिलेले बुडापेस्टचे केलेटी स्थानक. यादीत पॅरिस आणि रोमही होते. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरल्यावर ती दोन्ही नावे मीच खोडली, कारण ती ठेवली असती तर सुट्टीतला बराच वेळ गाडीत बसून मागे-पुढे जाण्यातच गेला असता. फ्रँकफर्टला उतरायचे, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना करत बुडापेस्टला पोहोचायचे आणि तिथूनच परतीचे विमान धरायचे, असा क्रम ठरला. यात कुठलाही रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही आणि चारही टप्प्यांवर थेट गाड्या आहेत. फ्रँकफर्ट ते बर्लिन आणि प्राग ते व्हिएन्ना हे प्रवास साधारण चार-चार तासांचे, बर्लिन ते प्राग त्याहून थोडा अधिक, तर व्हिएन्ना ते बुडापेस्ट तीन तासांच्या आतला.

पुण्याच्या माणसाला तिकडची भाडेपद्धत समजायला थोडा वेळ लागतो. डेक्कन क्वीनचे तिकीट आपण साठ दिवस आधी काढले काय किंवा चार दिवस आधी, दर तोच असतो. प्रश्न असतो तो जागा मिळण्याचा. जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकिया या देशांत वेटिंग लिस्ट हा प्रकार नाही, पण लांब पल्ल्याच्या गाड्यांचा दर विमानासारखा चढत जातो. जर्मन रेल्वेच्या ‘श्पारप्राइस’ किंवा ऑस्ट्रियन रेल्वेच्या ‘श्पारशीने’ या सवलतीच्या तिकिटांचा ठरावीक साठा असतो, तो संपला की पुढचा महाग दर लागू होतो. अशी तिकिटे त्याच तारखेच्या त्याच गाडीला बांधलेली असतात, आणि सर्वांत स्वस्त तिकीट रद्द केले तर पैसे परत मिळत नाहीत.

खरी अडचण इथेच आहे, आणि ती युरोपातल्या प्रवाशाला नसते. आपल्याला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांसाठी चालणारा एकच व्हिसा, लागतो, अर्जासोबत शहरवार कार्यक्रम आणि मुक्कामाचे आरक्षण द्यावे लागते, आणि व्हिसा हातात पडेपर्यंत परत न मिळणाऱ्या तिकिटात पैसे घालणे धाडसाचे असते. पण थांबावे तर दर चढतात. मला सुचलेला उपाय एकच होता, तो म्हणजे अर्ज लवकर करणे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, हे ठाऊक असूनही बहुतेक जण शेवटच्या महिन्यापर्यंत रेंगाळतात. आमचा सर्वाधिक मुक्काम व्हिएन्नात असल्यामुळे अर्ज ऑस्ट्रियाकडे करायचा होता. तो आम्ही जानेवारीत केला आणि व्हिसा आल्यावर त्याच रात्री गाड्या पाहायला बसलो. शहरांचा क्रम आधी पक्का होता म्हणूनच हे जमले.

तिकिटे काढताना दोन-तीन गोष्टी कळल्या. दोन देशांमधून धावणारी एकच गाडी दोन्ही देशांच्या रेल्वे आपापल्या संकेतस्थळांवर विकतात आणि दर वेगळे असू शकतात, त्यामुळे बर्लिन-प्रागसाठी चेक रेल्वेचेही संकेतस्थळ उघडून पाहावे. प्राग-व्हिएन्ना मार्गावर रेजिओजेट ही खासगी कंपनीही आहे. जर्मनीतल्या प्रवासात सहा ते चौदा वर्षांचे मूल आईवडिलांबरोबर विनामूल्य जाते, परंतु तिकीट काढतानाच त्याची नोंद करावी लागते. शिवाय तिकीट म्हणजे जागा नव्हे! आसनाचे आरक्षण अनेक गाड्यांत वेगळे आणि ऐच्छिक असते. एरवी मी ते पैसे वाचवले असते, पण मूल बरोबर असताना चार तास दारापाशी उभे राहण्याची जोखीम नको म्हणून घेतले.

युरेल पास, म्हणजे अनेक युरोपीय देशांच्या गाड्यांत चालणारा एकच पास, याबद्दल पुण्यात फार विचारणा होते. हा पास युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे, आणि रोज सकाळी उठून कुठे जायचे ते ठरवणाऱ्यास तो सोयीचा आहे. आमच्यासारखे चारच टप्पे महिनोन्‌महिने आधी ठरलेले असतील, तर प्रत्येक टप्प्याची वेगवेगळी तिकिटे स्वस्त पडतात. फ्रान्स, इटली, स्पेनमधल्या वेगवान गाड्यांना तर पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात, हे पास विकणारा आवर्जून सांगेलच असे नाही.

पैसे भरताना माझे कार्ड दोनदा नाकारले गेले. बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करायचे राहून गेले होते. तेवढ्या पंधरा मिनिटांत बर्लिन-प्रागचा दर एक पायरी वर गेला, आणि त्यावर घरात झालेली चर्चा इथे लिहिण्यासारखी नाही.