‘ग्रेव्ही’ म्हणताना सूर का चढवायचा?

ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या उपाहारगृहात वाढपाच्या कामावर काही भारतीय आणि पाकिस्तानी स्त्रिया नव्याने लागल्या होत्या, आणि त्या तुसड्या आहेत, सहकार्य करत नाहीत, अशी कुरबुर त्यांच्याविषयी सुरू झाली. वास्तविक त्या फारसे बोलतही नसत. मांसाचा पदार्थ घेणाऱ्याला ग्रेव्ही हवी का हे विचारायचे असे, आणि त्यासाठी त्या ‘ग्रेव्ही’ एवढाच शब्द उच्चारीत. मात्र उतरत्या सुरात. त्या जागी ब्रिटिश माणूस तोच शब्द चढत्या सुरात म्हणतो आणि ‘वाढू का?’ हा अर्थ त्यातून आपोआप निघतो, तर उतरत्या सुरातला शब्द ‘ही ग्रेव्ही आहे’ अशी अनावश्यक, म्हणूनच उद्धट वाटणारी माहिती ठरतो. भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी १९८२ साली हा प्रसंग नोंदवला. त्यांच्या नोंदीनुसार, दोन्ही उच्चारांत काही फरक आहे हे त्या स्त्रियांना प्रथम जाणवलेच नाही. तो उलगडून सांगितल्यावर मात्र लोक आपल्याशी असे का वागतात, हे त्यांच्या ध्यानात आले.

व्याकरण चुकले तर ऐकणारा ‘परका माणूस आहे’ म्हणून सोडून देतो. सुराची चूक मात्र थेट स्वभावाच्या खात्यावर मांडली जाते. इंग्रजी शिकवताना या विषयाला इतके कमी महत्त्व का दिले जाते, हे मला अजून कळलेले नाही.

मराठीत आपण ‘का’, ‘ना’, ‘च’, ‘तर’ अशा छोट्या शब्दांवर बरेच ओझे टाकतो. ‘तू येणार?’ असा नुसत्या सुराने प्रश्न आपणही विचारतो, परंतु जोर द्यायचा, संशय दाखवायचा किंवा काही हातचे राखून बोलायचे, तर एखादे अव्यय मदतीला असतेच. इंग्रजीत यातले पुष्कळसे काम एकटा सूर करतो. ‘आय डोन्ट लेंड माय बुक्स टू एनीवन’ हे वाक्य शेवटी सरळ उतरते तेव्हा बोलणारा पुस्तके कोणालाच देत नाही. तोच ‘एनीवन’ उतरून पुन्हा किंचित चढला, तर तो वाटेल त्याला देत नाही, काही निवडक लोकांना देतो, असा अर्थ होतो. उतरून चढणाऱ्या या सुराचे मला सर्वाधिक कौतुक वाटते, कारण न उच्चारलेला ‘पण’ त्यात दडलेला असतो. ‘द फूड वॉज गुड’ या सुरात म्हटले गेले, तर बाकीचे काय बिनसले हे विचारण्याची सोय ऐकणाऱ्याला मिळते.

‘प्रश्नाचा सूर चढतो’ हा शाळेत ऐकलेला नियम अर्धाच खरा आहे. होय-नाही असे उत्तर मागणारे प्रश्न बहुधा चढतात. ‘व्हेअर आर यू गोइंग?’ यासारखे प्रश्न मात्र सहसा उतरतात. ‘इट्स कोल्ड, इझन्ट इट’ यातले शेवटचे दोन शब्द उतरले की बोलणाऱ्याला केवळ दुजोरा हवा असतो, आणि चढले की त्याला खरोखर खात्री करून घ्यायची असते. ‘टी ऑर कॉफी?’ मध्ये ‘टी’ चढून ‘कॉफी’ उतरली, तर दोहोंपैकी एक निवडायचे आहे. दोन्ही चढले, तर यजमानाकडे आणखीही काही असू शकते. ‘सॉरी’ उतरला की दिलगिरी, चढला की ‘काय म्हणालात?’.

हे सारे प्रामुख्याने दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण बोलीला धरून आहे. मालवणी आणि वऱ्हाडी हेल जसे निरनिराळे, तसेच तिथेही आहे: बेलफास्ट आणि ग्लासगोमध्ये साधे विधानसुद्धा चढत्या सुरात संपते आणि त्यात कोणाला प्रश्न दिसत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये, विशेषतः तरुणांच्या बोलण्यात, गोष्ट सांगताना विधानांचे शेवट चढतात. त्यावर आत्मविश्वासाच्या अभावाचा शिक्का मारणारे पुष्कळ आहेत. मला तो शिक्का अन्यायाचा वाटतो. ऐकणारा सोबत आहे ना, हे पडताळत पुढे जाण्याची ती रीत आहे, आणि आपण ‘मग मी तिथे गेलो ना, तर तो ना…’ असे सांगतो तेव्हा दुसरे काही करत नसतो.